केर कुठे टाकावा?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या घरी नवी केरसुणी येते. आई ती दापोलीच्या बाजारातून स्वतः निवडून आणते. मला आणू देत नाही. "तुला रंगांतलं कळतं, केरसुणीतलं कळत नाही," असे तिचे म्हणणे. संध्याकाळी पाटावर दागिन्यांचा डबा, शाळेच्या वह्या, लाह्या-बत्तासे यांच्या शेजारी ही शिंदीच्या पात्यांची केरसुणी मानाने बसते आणि आई तिला हळदकुंकू वाहते. वर्षभर जिला दाराआड उभे राहावे लागते, जिला चुकून पाय लागला तर नमस्कार करतात पण पाहुणे आले की जी लपवतात, ती त्या रात्रीपुरती लक्ष्मी होते.

लहानपणापासून मी हे पाहत आलो, त्यामुळे त्याचे नवल कधी वाटले नाही. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र वाटू लागले आहे. केरसुणी लक्ष्मी खरी; पण मग ती जो केर काढते, तो कोण? तो सगळाच अलक्ष्मी का?

वाचकहो, मी कोणी तत्त्वज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात.) त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका पदरात पाडून घेतली आणि गावच्या शाळेत 'ड्रॉइंगचे सर' झालो. फावल्या वेळात दोन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली छापली गेली; दुसरीचे काय झाले ते पुढे ओघात येईलच. अशा माणसाने नीतीच्या प्रश्नाला हात घालू नये, हे मला कळते. परंतु काही प्रश्न आपण शोधायला जात नाही. ते आपल्या दारात येऊन पडतात. हा प्रश्न तर खरोखरच पडला. एका वादळात, मुळांसकट.

शाळेत मी २००५ साली रुजू झालो. ड्रॉइंगच्या सरांना काम थोडे, असा शिक्षकांच्या खोलीत सर्वत्र समज असतो. म्हणून शाळेच्या स्वच्छतेचे खाते माझ्याकडे आले. मीही ते मनापासून घेतले. माझ्या वर्गात संत गाडगेबाबांची तसबीर आहे. १९५६ साली बाबा गेले, पण हातात खराटा घेतलेली त्यांची मूर्ती अजून महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून उभी आहे. ज्या गावात जायचे ते गाव दिवसा झाडायचे आणि रात्री कीर्तनाने माणसांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम. त्यांच्या तसबिरीखाली बसून मी स्वच्छतेची पाळीपत्रके तयार करीत असे, आणि आपण त्यांचेच काम पुढे चालवतो आहोत असे मला प्रामाणिकपणे वाटत असे.

शाळेच्या मैदानाच्या कडेला एक रायवळ आंबा होता. बुंधा तीन मुलांच्या कवेत मावत नसे. त्याचे आंबे लहान, धाग्याचे, पण गोड. आणि सावली अशी, की मे महिन्यात एस. टी. चुकलेला माणूस तिथे निजून दुसरी एस. टी.ही चुकवी. या झाडाला एकच खोड होती: ते पाने गाळी. रोज सकाळी प्रार्थनेआधी दहा-बारा मुले हिराचे खराटे घेऊन झाडाखालची जागा झाडीत, पाचोळ्याचा ढीग कुंपणाच्या कोपऱ्यात नेत आणि शनिवारी त्याला काडी लावली जाई. तो निळसर धूर वर चढताना पाहून मला देवळातल्या धुपाची आठवण होई. एकदा तालुक्याहून पाहुणे आले तेव्हा त्यांनी मैदान पाहून "आरशासारखं ठेवलंय" असा शेरा दिला. तो शेरा मी कितीतरी दिवस मनात घोळवला.

या आरशावर डाग म्हणजे आठवीतला एक मुलगा. त्याची पाळी आली की बुंध्याभोवतीचा पाचोळा तसाच राहायचा. मी एकदा त्याला सर्वांसमोर उभे करून कारण विचारले. तो शांतपणे म्हणाला, "सर, उद्या परत पडणारच आहे ना."

वर्ग हसला. मी हसलो नाही. त्या वर्षी कार्यानुभवात मी त्याला दहापैकी दोन मार्क दिले. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर वाचकांना वाटेल की हा मुलगा म्हणजे कोणी निसर्गाचा जाणता होता. तसे काही नव्हते. तो आळशी होता. पण कधी कधी आळशाच्या हातून जे चांगले घडते ते उद्योग्याच्या हातून घडत नाही, हे कळायला मला पुढे पंधरा वर्षे लागली.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांना त्याने दुपारच्या काही तासांत ओळखू येणार नाही असे करून टाकले. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, नारळ मोडले, घरांची कौले पत्त्यांसारखी उडाली. करोनामुळे शाळा आधीच बंद होती. चौथ्या दिवशी वाट काढीत मी शाळेत पोचलो. पत्रे नव्हते. आंबा मैदानावर आडवा पडला होता.

मी जवळ गेलो आणि त्याच्या मुळांकडे पाहत राहिलो. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे मला पाहण्याची सवय आहे, परंतु पंधरा वर्षे रोज त्या झाडाकडे पाहूनही मी जे पाहिले नव्हते ते तेव्हा पाहिले. बुंध्याभोवतीची वरची मुळे तुटली तेव्हा उघडी पडली नव्हती. ती कित्येक वर्षे उघडीच होती. त्यांची साल मुलांच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. खालची जमीन जांभ्या दगडासारखी टणक, लाल, नागडी. वर्षाला दोनशे दिवस या हिशेबाने आम्ही ती जागा तीन हजार वेळा झाडली होती. प्रत्येक झाडणीत चिमूटभर माती खराट्याबरोबर गेली असे धरले, तरी तीन हजार चिमटी झाल्या. आणि मुले तर दहा-बारा होती. उरलेली माती आमच्याकडच्या तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या पावसाने नेली होती, कारण तिला अडवणारे पान आम्ही तिच्यावर राहू दिले नव्हते.

झाड माझ्यामुळे पडले का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. न्यायाने बोलायचे तर तसे म्हणता येत नाही. त्या वादळाने भुसभुशीत, काळजीने राखलेल्या बागांतली झाडेही पाडली. कोणत्याही न्यायालयात मी निर्दोष सुटेन. पण माणसाचे मन म्हणजे न्यायालय नव्हे. तिथे पुरावा अपुरा असला तरी आरोप मागे घेतला जात नाही. ज्या झाडाच्या सावलीत आम्ही पंधरा वर्षे बसलो, त्याचे रोजचे जेवण आम्ही रोज सकाळी त्याच्या पुढ्यातून उचलले आणि दर शनिवारी जाळले. आणि तेही स्वच्छतेच्या नावाने. एवढे तर खरेच आहे ना?

त्यानंतर मी मातीविषयी वाचू लागलो. मॅट्रिकच्या विज्ञानात माती एका पानात संपली होती. आता कळले की ते पान उलटायलाच नको होते. त्याच्यावर बसून पाहायला हवे होते.

उघड्या जमिनीवर पडणारा पावसाचा थेंब लहान असला तरी मातीचे कण फोडतो. फुटलेले बारीक कण वरची छिद्रे बुजवतात, जमिनीवर पापुद्रा धरतो आणि मग पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहू लागते. जाताना माती घेऊन जाते. तोच थेंब पाचोळ्यावर पडला तर त्याचा जोर पानावर संपतो आणि पाणी हळूहळू खाली झिरपते. उन्हाळ्यात हेच पान ऊन अडवते, ओल धरते. खाली बुरशी, वाळवी, गोमी, गांडुळे ही मंडळी त्या पानाचा फडशा पाडतात आणि पान पुन्हा माती होते. जाळले तर? राख उरते, तीत पालाश असते, ते वाया जात नाही. पण पानातला बहुतेक नत्र धुराबरोबर आकाशात जातो, आणि ज्याने माती भुसभुशीत राहायची तो सगळा गर जळून जातो. त्या निळ्या धुरात मला धूप दिसत होता. प्रत्यक्षात ते झाडाचे ताट होते.

चार्ल्स डार्विन या थोर माणसाने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक अख्खे पुस्तक लिहिले, हे वाचून तर मी चकित झालो. त्याने १८४२ साली आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि १८७१ साली तिथे चर खणून पाहिला. एकोणतीस वर्षांत गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीखाली ते तुकडे सात इंच गाडले गेले होते. आपण एखादी गोष्ट एकोणतीस दिवस धीराने पाहत नाही. आणि आपल्याच देशात, इंदूरला, अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा आणि शेण यांच्यापासून खत करण्याची जी रीत बसवली, ती पुढे 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत करावे, हा त्याच्या सांगण्याचा गाभा. आमच्या आजीला हे इंदूरला न जाताही ठाऊक होते. फक्त मी तिला कधी विचारले नव्हते.

वाचून भागेना, म्हणून परसात दोन वाफे केले. दोन्हींत वांगी लावली. एक वाफा नेहमीसारखा उघडा. दुसऱ्यावर चार बोटे जाडीचा थर दिला: वाळका पाला, थोडा ओला पाला, भाताचा पेंढा. एप्रिलच्या भर दुपारी मी दोन्ही वाफ्यांत हात ठेवून पाहिला. उघड्या मातीवरून हात चटकन उचलावा लागला. पाचोळ्याखालची माती माठाच्या अंगासारखी गार होती. एकाला रोज पाणी लागे, दुसऱ्याला दोन दिवसांआड. एक पावसाळा गेल्यावर पाचोळ्याखालची माती मुठीत धरली तर लाडवासारखी वळे आणि बोटाने टोचली की सुटे. तिला जो वास येत होता त्याला रानात गेलेल्या माणसाने नाव देण्याची गरज नाही.

चुकाही पुष्कळ केल्या. बुंध्याला अगदी भिडवून पाला रचला, तर साल कुजू लागली. तेव्हा वीतभर जागा मोकळी ठेवायला शिकलो. आंब्याची नुसती पाने टाकली, तर ती चामड्यासारखी एकमेकांवर चिकटून पाणीच खाली जाऊ देईनात. ती चुरून, दुसऱ्या पाल्यात मिसळून टाकावी लागतात. सुताराकडचा ताजा भुसा मातीत कालवला, तर रोपे पिवळी पडली, कारण तो कुजताना मातीतला नत्र स्वतःच ओढून घेतो. नारळाची सोडणे मात्र फार गुणाची. आळ्यात पुरली की पाणी धरून ठेवतात. शेजारच्या गावात कलिंगडे लावणाऱ्यांनी 'मल्चिंग पेपर' आणला होता, तोही पाहून आलो. नाव पेपर असले तरी ते प्लास्टिकच. तण दबते, ओल टिकते, शेतकऱ्याची मजुरी वाचते, हे खरे; त्याला दोष देणारा मी कोण? पण हंगाम संपल्यावर त्याच्या चिंध्या बांधावर फडफडताना पाहिल्या आणि वाटले, हे पांघरूण मातीला झाकते, पण तिच्या पोटात जात नाही. पाचोळा आधी पांघरूण होतो आणि मग अन्न होतो.

याच दिवसांत माझी दुसरी कादंबरी तीन प्रकाशकांकडून साभार परत आली. चारशे हस्तलिखित पाने. ती मी परसात पाचोळ्याखाली अंथरली. कागदही झाडाचाच. संपादकांपैकी कोणी ती पुरी वाचली असेल असे वाटत नाही. गांडुळांनी मात्र अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि त्या जागी पडवळ उत्तम आले.

इथपर्यंत ही गोष्ट एका पश्चात्तापाची आहे आणि तिचा शेवट गोड करून मी थांबू शकलो असतो. परंतु पश्चात्ताप झालेला माणूस फार धोक्याचा असतो. तो कालपर्यंत ज्या जोराने चुकत होता त्याच जोराने आज बरोबर असतो. मी परसावर थांबलो नाही. मला मोकळी जमीन दिसली की ती झाकावीशी वाटे. परस संपले, कुंपण संपले, आणि एका पावसाळ्याच्या तोंडी मी पाचोळा घेऊन अंगणात शिरलो. जास्वंदीपासून थेट पायरीपर्यंत थर दिला.

आई पहाटे उठली. तिने खराटा घेतला आणि सगळे अंगण झाडून स्वच्छ केले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाला पसरला. तिने पुन्हा झाडला. असे चार-पाच दिवस चालले. मी तिला थेंब, पापुद्रा, गांडूळ, डार्विन सगळे समजावून सांगितले. ती ऐकून घेई आणि पहाटे पुन्हा झाडी. शेवटी मी वैतागून म्हणालो, "अगं, ही नुसती सवय आहे तुझी. पन्नास वर्षं झाडतेस म्हणून झाडतेस."

ती काही बोलली नाही. त्यानंतर चार दिवसांनी, अंधार पडताना, पायरीजवळच्या पाचोळ्यातून करवतीने वाळके लाकूड कापावे तसा आवाज आला. आईने मला दंडाला धरून मागे ओढले. पाचोळ्याच्याच रंगाचे, हातभरही लांब नसलेले फुरसे वेटोळे घालून अंगावर अंग घासत होते. मी आणखी एक पाऊल टाकले असते तर ते माझ्या पायाखाली आले असते.

ते निघून गेल्यावर आई पायरीवर बसली आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. तिला एक धाकटा भाऊ होता. नऊ वर्षांचा असताना तो चेंडू काढायला पाचोळ्याच्या ढिगात हात घालून बसला आणि फुरसे चावले. त्या काळी गावापासून दवाखाना दूर. बैलगाडी निम्म्या वाटेवर होती. मला एक मामा होता, हे मी ऐकून होतो. तो कसा गेला हे मी कधी विचारले नव्हते. आई म्हणाली, "तुला झाकायचं तिथं झाक. पण जिथं पोराबाळांचे पाय पडतात, तिथं मला जमीन दिसली पाहिजे."

पन्नास वर्षे जिला मी सवय समजत होतो, ते तिचे पहाटेचे झाडणे हा एक पहारा होता. आम्ही तिची मुले ज्या अंगणात रांगलो, चाललो, पळलो, ते अंगण ती रोज उजेडात आणून ठेवीत होती. आणि मी तिला डार्विन सांगत होतो!

म्हणजे मी दोनदा चुकलो. आधी ज्या जमिनीला पाला हवा होता तिथून काढला, आणि मग जिथे तो नको होता तिथे नेऊन टाकला. तिसरी चूकही सांगून टाकतो. परसाला पाचोळा पुरेना, तेव्हा मी गावच्या देवराईच्या कडेने दोन पोती भरून आणली. तिथे पाय घोट्यापर्यंत रुतावा इतका पाला साचलेला. दोन पोत्यांनी काय कमी होणार होते? आईने पोती पाहिली मात्र, म्हणाली, "आधी परत ने." देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, असा दंडक आमच्याकडे अजून पाळतात. मी देवाच्या कोपाला भीत नाही. पण पोती पाठीवर घेऊन उतरताना मला उमगले, की देवाचे नाव वगळले तरी तो दंडक खरा ठरतो. माझी जमीन झाकण्यासाठी मी दुसऱ्याची उघडी करीत होतो. झाडे तिथली, पाने तिथली. त्यांच्यावर पहिला हक्क तिथल्या मातीचा.

हा पानांच्या मालकीचा तंटा लहान नाही. आमच्या कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. टहाळे, पाला, शेण, गवत वाफ्यावर रचून पेटवायचे. त्याने तणाचे बी मरते आणि राखेवर रोप जोमाने येते. त्यासाठी रानातून टहाळे तोडायचे. इंग्रज सरकारने जंगलावर मालकी सांगून निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाब्याकडे एवढा असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शेतकरी म्हणे, पाला नाही तर भात नाही; सरकार म्हणे, पाला तोडला तर रान नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. सरकारला रानाची माया किती आणि लाकडाच्या उत्पन्नाची किती, हे मात्र शेतकऱ्याला बरोबर दिसत होते. राब जाळणाऱ्याला म्हणूनच मी अडाणी म्हणणार नाही. त्याच्या आगीला एक कारण होते. माझ्या शनिवारच्या आगीला तेवढेही नव्हते. मला फक्त ती जागा रिकामी दिसायला हवी होती.

इथे मला माझ्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर सापडले. गाडगेबाबांनी जे झाडले ते माणसाला रोगी करणारे, माणसानेच टाकलेले, आणि ज्याच्याकडे कोणी पाहायला तयार नव्हते असे होते. त्यांची स्वच्छता गावासाठी होती. माझी डोळ्यांसाठी होती. मला 'आरसा' हवा होता, आणि आरशात माणूस शेवटी स्वतःलाच पाहतो. आईची स्वच्छता पायांसाठी होती. तेव्हा स्वच्छता चांगली की वाईट, असा प्रश्नच नाही. ती कोणासाठी केली, आणि तिची किंमत कोणी भरली, एवढे विचारले म्हणजे पुरे. माझ्या आरशाची किंमत एका झाडाने भरली आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

शास्त्रकारांनी माणसाच्या माथ्यावर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. मातीचे ऋण वेगळे सांगितले नाही. कदाचित ते इतके उघड असेल की सांगावेसे वाटले नसेल. पण ऋणाचा एक स्वभाव असतो: ते ज्याचे त्यालाच फेडावे लागते. शेजाऱ्याचे पैसे देवळाच्या पेटीत टाकून कर्ज फिटत नाही. देवराईचा पाला परसात आणून मी मातीचे कर्ज फेडीत नव्हतो, एका सावकाराला लुटून दुसऱ्याची भर करीत होतो. आणि अंगणातला पाला अंगणातच ठेवण्याच्या हट्टात मी हे विसरलो, की त्या अंगणावर मातीप्रमाणे मुलांच्या पायांचाही हक्क आहे.

आपल्या जुन्या घरांना पुढे अंगण आणि मागे परस असे, याचा अर्थ मला आता थोडा कळतो. अंगण झाडायचे, सारवायचे. तिथे रांगोळी, तुळस, येणारेजाणारे. परसात केळी, अळू, सांडपाणी, पाचोळा. अंगणातला केर परसात जाई आणि परसातली भाजी घरात येई. हल्ली शहरांतून परसे गेली, गावातही अंगणांना फरशा बसल्या. केर निघतो पूर्वीसारखाच, किंबहुना अधिक. पण तो जिथे जाऊन पुन्हा कोणाच्या उपयोगी पडावा ती जागा आपण घरातून काढून टाकली आहे. मग तो जळतो, नाहीतर गावाबाहेर कुठेतरी डोंगर होऊन बसतो. केर काढणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे तो पोचवणे. आणि तिथे केरसुणी आपल्याला मदत करू शकत नाही. तिथे माणसालाच निवड करावी लागते.

शाळेत आम्ही २०२१च्या पावसाळ्यात जुन्या जागेच्या शेजारी नवा आंबा लावला, रायवळच. मुले अजून झाडतात. पायवाट, व्हरांडा, मैदान झाडतात आणि पाचोळा काठीने हलवून पाहून, टोपलीत भरून आंब्याच्या आळ्यात नेऊन टाकतात, बुंध्यापासून वीतभर अंतर ठेवून. तिथे मुलांनी खेळायचे नाही, असे विटा लावून आखून दिले आहे. शनिवारी धूर होत नाही.

गेल्या गणपतीत तो आठवीतला मुलगा भेटला. आता मुंबईला रिक्षा चालवतो. दोन मुलांचा बाप आहे. शाळा पाहायला आला होता. आळ्यातला पाचोळा बघून थांबला आणि मला म्हणाला, "सर, हे झाडलेलं नाही."

मी म्हणालो, "आता तिथं झाडायचं नसतं."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग माझे आठ मार्क?"

मी हसलो, तोही हसला. पण घरी येताना मला ते हसणे पुरेसे वाटले नाही. मुलगा आळशी होता हे खरे. तरी त्याचे एक वाक्यही खरे होते, आणि ते खरे आहे की नाही हे न तपासता मी त्याला वर्गापुढे उभे केले होते. पाने उद्या परत पडणारच असतात. एवढ्यासाठी झाडणे सोडू नये; पण रोज पडणारी गोष्ट रोज का पडते, हा प्रश्न शिक्षकाला तरी पडायला हवा होता. ते आठ मार्क माझ्याकडे बाकी आहेत. कोणत्या वहीत लिहू, ते अजून ठरलेले नाही.

दिवाळी आली आहे. आईने नवी केरसुणी आणली आहे आणि ती पूजेपर्यंत माळ्यावर ठेवली आहे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री आमच्या घरी अलक्ष्मी काढतात. आई सूप वाजवीत घरभर फिरते, मागून मी दिवा घेऊन. दरवर्षी मी ते जुनी रीत म्हणून करीत आलो. यंदा माझे लक्ष त्या सुपाकडे जाईल. केर बाहेर काढण्याच्या रात्री आमच्या वाडवडिलांनी बाईच्या हातात सूप दिले. दाणा कोणता आणि फोलपट कोणते, हे पाखडून पाहण्याचे साधन.

आज पहाटे मी उठलो तेव्हा तिचे अंगण झाडून झाले होते. जास्वंदीची, फणसाची, कुठूनशी उडून आलेली सागाची पाने एका बाजूला गोळा केली होती. इतकी वर्षे ती हा ढीग सरळ कुंपणापलीकडे लोटत असे. आज खराटा भिंतीला टेकवून ती उभी होती. मला पाहून म्हणाली, "हे कुठं टाकू रे?"

मी टोपली आणायला गेलो.